ब्लॉगवर चढलेली मावशी

तीर्थस्वरूप मावशीस,

काओश्युंगहून यी-चुनचा वाकून नमस्कार. गुडघे काय म्हणतात? (काहीही म्हणोत, तू पहाटे मासळीबाजारात जाणारच, म्हणून औषधाचं विचारत नाही.) मी बरी आहे, म्हणजे नोकरी अजून आहे.

तुझ्या पो-हानने तुलाच घेऊन काढलेला तो छोटा सिनेमा, ‘उंबऱ्यातली आई’, त्याच्यावर ब्लॉग लिहायचं काम आमच्याच कचेरीत आलं. मला वाटलं, घरचं कार्य! तू तुंगकांगच्या घराच्या दारात मासे साफ करत मुलाची वाट बघतेस, तो येत नाही, संपलं. (शूटिंग आटोपल्यापासून पो-हान खरोखरच फिरकलेला नाही, कलावंत प्रामाणिक आहे हो.) मी चार पानं लिहिली, लिहिताना रडले. आमच्या लियाव साहेबांनी पहिली ओळ वाचून विचारलं, "यात लोक शोधतील असा शब्द कुठाय?" म्हटलं, "साहेब, आईची माया आहे." "माया कोण शोधतं, बाई? लोक पार्किंग शोधतात."

मग लोक सर्चमध्ये काय टाइप करतात ते बघून तुझ्या दुःखाचे मथळे पाडले. तुंगकांगला कसं जायचं, सिनेमातला मासा कुठला, त्याचं सूप कुठे चांगलं मिळतं. गावाचं नाव परिच्छेदा-परिच्छेदात हवं, म्हणून तू आता ‘तुंगकांगच्या उंबऱ्यात तुंगकांगच्या मुलाची’ वाट बघतेस, जणू दुसऱ्या गावचा आला तर घरात घेणार नाहीस.

पण लोक सगळ्यांत जास्त विचारत होते ते निराळंच: ‘यातली आजी वारली का?’ मी लगेच लिहिलं, छे, ठणठणीत आहे, परवाच फोनवर मला झापलंन. साहेबांचा चेहरा पडला. "उत्तर वरच दिलंस तर माणूस पान बंद करून जाईल. मथळ्यात प्रश्न ठेव, उत्तर पार तळाशी." ठेवलं. पोटासाठी माणूस सख्ख्या मावशीलाही अधांतरी ठेवतो. लेख सर्चमध्ये सगळ्यांच्या वर गेला, साहेबांनी कचेरीला चहा पाजला, आणि मी तो प्यायले.

तेव्हा तुझ्या दाराशी मयताची पांढरी शेवंती ठेवून जाणारी माणसं वेडी नाहीत. त्यांनी लेख तळापर्यंत वाचला नाही, एवढंच. शेजारच्या श्यू काकूंनी कळवलं की तू त्या फुलंवाल्या माणसांवर मासे धुतलेलं पाणी फेकलंस. उत्तम केलंस.

तुझी,
यी-चुन

ता. क. साहेब म्हणतात, आलेल्या लोकांसमोर शक्यतो दिसू नकोस. मी निरोप दिला, तू ऐकू नकोस.

पुन्हा ता. क. काल ताइपेहून पो-हानचा फोन आला. त्यानेही मथळाच वाचला होता. "तायडे, आई फोन उचलत नाहीये. खरं सांग, आई..." (तू फोन तांदळाच्या डब्यावर ठेवून बाजारात जातेस, हे पोटच्या पोराला ठाऊक नाही.) मी काहीच सांगितलं नाही. म्हटलं, "येऊन बघ." शनिवारी निघतोय. तू ठणठणीत आहेस असं सांगितलं असतं तर "बरं झालं" म्हणून फोन ठेवला असता. म्हणून हे सगळं लिहिलं, मावशी: शनिवारपर्यंत त्याचा फोन उचलू नकोस.