क कमळाचा

३ फेब्रुवारी
कोंढ्याला पोचलो. अंगणवाडीच्या भिंती रंगवायच्या आहेत. सेविका वच्छलाबाईंनी ओसरीत खाट टाकून दिली, आलं घातलेला चहा दिला. त्यांना मोबाईलमधली मोठ्या डोळ्यांची चित्रं नकोत, लहानपणच्या तक्त्यावरची पाहिजेत. सपाट रंग, जाड काळी रेघ, गुलाबी गोल गाल, लाल रिबिनी, हसरा सूर्य. म्हणाल्या, असं काढणारे आता तुम्हीच उरलात. चौथी शिकलेल्या माणसाला बरं वाटलं. चाळीस वर्षांपूर्वी आंधळगावात मी असलेच तक्ते काढत असे.

५ फेब्रुवारी
अ अननसाचा, आ आईचा झाले. वच्छलाबाईंना 'क कमळाचा' हवा होता. पाण्यात कमळ धरून उभी मुलगी, त्यांच्या तक्त्यावर होती तशी. तो तक्ता माझाच. नाही म्हणणार होतो, पण कारण काय सांगू? काढली. पाणी गुडघ्यापर्यंत.

६ फेब्रुवारी
पाणी कमरेपर्यंत आहे. मी गुडघ्यापर्यंतच रंगवलं होतं. वच्छलाबाई हसल्या, म्हणाल्या, बाबाजी, चष्मा बदला. निळ्यावर हात फिरवला. रंग कोरडा होता. हात ओला झाला.

८ फेब्रुवारी
पाणी छातीशी. गावातल्या तुलारामची चार वर्षांची गुड्डी सकाळपासून भिंतीपुढे उभी, हात पुढे, कमळ धरल्यासारखे. खिचडी खायलाही हलली नाही. कायले उभी आहेस, विचारलं.
"ते पोरगी म्हनते, हालू नोको."
हे शब्द माझे आहेत.

९ फेब्रुवारी
लिहूनच टाकतो. तिचं नाव रत्नमाला. शेजाऱ्यांची, सात वर्षांची. चित्रासाठी बोडीच्या, गावच्या लहान तळ्याच्या, पाण्यात उभी केली, हाती कमळ दिलं. म्हटलं, मी सांगेपर्यंत हालू नोको. मग चहाला गेलो, गप्पांत बसलो. खाली गाळ होता. आलो तर कमळ तेवढं वर —
गावाला सांगितलं, मी तिथे नव्हतोच. ते खोटंही नव्हतं.

१० फेब्रुवारी
पाणी हनुवटीशी. गुड्डी पुन्हा तिथेच. पाय घोट्यापर्यंत फरशीत — वच्छलाबाई ओढताहेत, निघत नाही. हाल म्हणतात, ऐकत नाही. माझंच ऐकेल. पण मी म्हटलं तर दोघीही ऐकतील, ही आणि भिंतीवरची —

म्हटलं. "हाल आता, पोरी."

गुड्डी निघाली. वच्छलाबाई तिला उचलून घरी —

भिंतीवर नुसतं पाणी. ओसरीत ओली पावलं. खाटेपर्यंत.

माझ्या हातात कमळ ठेवलं — थंड — म्हणते, आता तुमी, काकाजी, हालू नो