सातवी बरणी

१२ जानेवारी

ती. बाबांस, सा. न. वि. वि.

बरण्या पोचल्या. खारफुटीचा चिखल चाळून उरलेले जीव तुम्ही इतके नीट भरता की आमच्या प्रदूषण तपासणीच्या ऑफिसातले लोक आता तुम्हालाच साहेब म्हणतात. या खेपेला चौतीस जाती निघाल्या. लांबुडके किडे, तांदळाएवढ्या शिंपल्या, शंख, एक नांगी मोठी असलेले खेकडे. कारखान्याच्या सांडपाण्याच्या पाइपाजवळची सातवी जागा तर सगळ्यांत भरलेली. त्या जोरावर खाडीची तब्येत ठणठणीत आहे असं अहवालात लिहून मी सही केली. कारखान्याला दुसऱ्या पाइपाची परवानगी त्यावरच मिळाली.

तुमच्या पोटऱ्यांना खाज सुटते असं आईने लिहिलंय. अंगावर काढू नका.

माया आहेच, ती अशीच राहू द्या.

तुमची धाकटी

२० जानेवारी

चि. धाकटीस, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्या पाइपाचं तू आधी कधी बोलली नव्हतीस. गेले चार महिने सातव्या जागी काहीच मिळत नाही, चाळणीवर नुसता काळा गाळ राहतो. तुझी आई शेजारणीची वाटीसुद्धा कधी रिकामी परत करत नाही. लेकीची बरणी रिकामी कशी धाडायची, म्हणून पलीकडच्या खाडीतले मूठभर जीव तीत घालत गेलो. तुझं काम अडू नये, एवढंच मनात होतं.

आता मला भीती वाटते. परवापासून सहाव्या जागेचे खेकडेही बिळं सोडून झाडांवर बसलेत, खाली उतरतच नाहीत.

रागाव, पण पत्र लिही.

तुझे बाबा

२७ जानेवारी

ती. बाबांस, सा. न. वि. वि.

रागवायला वेळ नाही. माझ्या साहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, नुसत्या बोलण्यावर परवानगी थांबत नाही, सातव्या जागेची खरी बरणी हवी. दुसरा पाइप येत्या दहा तारखेला सुरू होतोय. मी माणूस पाठवते. तुम्ही चिखलात पाऊल टाकायचं नाही आणि खाडीचे खेकडे घरात शिजवायचे नाहीत.

चूक एकट्या तुमची नाही. पाइपाजवळची जागाच सगळ्यांत भरलेली कशी, हे मी विचारायला हवं होतं. आनंदाच्या भरात विचारलं नाही.

काळजी घ्या, एवढी माया माझ्यावर करा.

तुमची धाकटी

५ फेब्रुवारी

चि. धाकटीस, आईचे आशीर्वाद.

ह्यांना बसवत नाही, म्हणून मी लिहिते आहे. तुझा माणूस आलाच नाही. दहा तारीख जवळ आली म्हणून परवा हे माझं न ऐकता सातव्या जागी गेले आणि मांडीपर्यंत रुतले. खाडीवरच्या दोघा कोळ्यांनी ओढून काढलं. पाय काळेनिळे पडलेत, ताप हटत नाही. डॉक्टर उद्या मोठ्या दवाखान्यात न्यायला सांगतात. एवढं होऊनही बरणी हातातून सोडली नव्हती.

झाकण मी लावलं. लावण्याआधी उजेडात धरून नीट पाहिलं, गाळाखेरीज आत काही नाही. जन्मात पहिल्यांदा कुणाकडे रिकामं भांडं धाडते आहे. ते साहेबांच्या हातात दे आणि लगेच निघून ये.

तुझी आई