त्या सकाळी न घेतलेलं नाव

आई, आज भाजी चिरताना तुझी दवाखान्यातली प्रार्थना आठवली आणि मला विळीवरून उठावं लागलं. भीतीनं. तू जाऊन किती काळ लोटला, मी स्वतः म्हातारी झाले, तरी ती जात नाही.

तुझी रीतच तशी होती. मिशनच्या दवाखान्यात औषधं वाटायच्या आधी तू व्हरांड्यात उभी राहून डोळे मिटायचीस आणि एकेका रोग्याचं नाव घेऊन मोठ्यानं प्रार्थना करायचीस. कुणाचं गळू, कुणाचं बाळंतपण, कुणाच्या सासूचा दमा, सगळं प्रभूच्या कानावर घालायचीस. "त्याला काय ठाऊक नसतं का?" असं मी चिडवलं की म्हणायचीस, "त्येला ठाऊक हाय गं. पर ज्येचं नाव घेतलं त्येला बरं वाटतं." आणि खरंच, गळ्यात माळ घातलेल्या बायकासुद्धा "बाई, आमचं बी घ्या" म्हणून मागं लागायच्या. तू कुणाला धर्म शिकवायला बसली नाहीस. एवढंच करायचीस.

मग त्रेचाळीस साल आलं. पोलीस चळवळीतल्या मुलांना पलूसच्या आसपास गावोगाव हुडकत होते, आणि आपण साहेबाच्या धर्माची माणसं म्हणून गावही आपल्याकडे संशयानं बघत होतं. अशात एक शेतकरीण भर दुपारी तुला हाताला धरून उसात घेऊन गेली. तुझ्या हाताखाली काम शिकणारी मी मागोमाग. पाचटावर तिचा मुलगा पडला होता, मांडीत गोळी. तू ती काढलीस, मी त्याचं तोंड दाबून धरलं. निघताना ती तुझ्या पाया पडली. "आवं बाई, तुमच्या देवाला माज्या पोराचं नाव सांगा. मी उद्या ऐकाया येती." तू "सांगती की" म्हणालीस. सवयीनं! वाटेत माझ्या डोक्यात प्रकाश पडला: ते नाव तू व्हरांड्यात सगळ्यांदेखत मोठ्यानं घेणार. तू शब्द मोडणाऱ्यांतली नव्हतीस.

दुसऱ्या दिवशी ती दाराशी येऊन बसली. आणि बाकावर, पाय पुढं करून, फौजदार. त्याच्या घोट्यावरच्या जखमेची पट्टी बदलायची होती. तू डोळे मिटतेस. नावं सुरू होतात. मी उघड्या डोळ्यांनी तुझ्या तोंडाकडे बघतेय. बाळंतिणीचं नाव घेऊन होतं, दम्यावाल्या सासूचं होतं, आणि तू थांबतेस. ती माउली पदर तोंडात धरून तुझ्याकडे बघतेय.

"बाई, मधीच का थांबलासा?" फौजदारानं विचारलं. "कुणाचं नाव ऱ्हायलं?"

तू डोळे उघडलेस. "ऱ्हायलंय एक. ते देवाला ठाऊक हाय. तुमास्नी न्हाई सांगायची."

मला वाटलं, संपलं. आता तुला फरफटत नेतील, मग मला, मग सगळा ऊस पिंजून काढतील. पण फौजदाराची मान खाली गेली. "माझी पोरगी तापानं फणफणलीय," तो म्हणाला. "तिचं घ्या." तू तिचं नाव घेतलंस, आमेन म्हणालीस आणि त्याच्या पायाशी बसून पट्टी सोडायला लागलीस. रोज पट्ट्या सोडणाऱ्या तुला ती गाठ सुटेना. तोवर मला वाटायचं, तुला भीती म्हणून ठाऊकच नाही.

मुलगा वाचला. त्याची आई पुढंही येत राहिली. दाराशी बसून ऐकायची आणि घरी जायची. फौजदाराला काय कळलं, काय नाही, ते मला आजवर समजलेलं नाही.

हे तुला लिहिलेले कागद मी चुलीत घालणार आहे. त्यात ऊस आहे, गोळी आहे; सरकार कधीच बदललं, हे मला कळतं, पण दारावर थाप पडली की अजून आधी कागद झाकते. एक मात्र तुला कधी बोलले नव्हते. तू थांबलीस तेव्हा त्या मुलाचं नाव मी घेतलं, मनातल्या मनात, पुन्हा पुन्हा, तू बोलू लागेपर्यंत. जन्मानं ख्रिस्ती असून, आई, देवाशी मी बोलले ती त्या दिवशी पहिल्यांदा.