हातभर अलीकडे

मेहकर, ता. भालकी
दि. ३ ऑगस्ट १९८६

चि. गौतमीस मेहकरहून आत्या सरुबाईचा सप्रेम जयभीम आणि पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. पोहण्याच्या स्पर्धेला तू सिंगापूरला जाणार, हे वाचून मी शाळेत गेले आणि मास्तरांना नकाशावर ते गाव दाखवायला सांगितलं. त्यांनी बोट ठेवलं तिथं चहूकडे निळंच होतं. एवढं पाणी असलेल्या ठिकाणी पोहायला आणखी हौद कशाला बांधतात, असं मी विचारलं तर ते हसत सुटले.

इकडे मूग तोडणीला आलाय. आपल्या विहिरीत अर्धा हिस्सा असलेले श्रीपतराव रोज बांधावर येऊन विचारतात की पोरगी कवा उडायलीय विमानात. त्यांची मुलं लातूरला गेल्यापासून त्यांनाही बोलायला कुणी उरलेलं नाही. तुझ्या बापाचं, भीमराजचं, हैदराबादहून काही कळलेलं नाही. दुसऱ्या संसारातून त्याला सवड मिळत नसेल. तू मनाला लावून घेऊ नकोस.

घरात सगळं ठीक, म्हणजे मी आणि म्हैस दोघी ठीक आहोत. दिवसभर मी तिच्याशी बोलते. ती उलट उत्तर देत नाही, तुझ्यामानानं ही सुधारणाच म्हणायची. संध्याकाळी मात्र घर खायला उठतं. मग मी उगाच भांडी पुन्हा घासते.

भालकीच्या ट्रेनिंग शाळेत नाव घालायची मुदत दसऱ्यापर्यंत आहे. ही एक स्पर्धा झाली की घरी यायचं, मास्तरीण व्हायचं आणि रोज संध्याकाळच्या मोटारीनं मेहकरला परतायचं, असं तू कबूल केलं होतंस. तू बारा वर्षांची असताना तुला बेंगळूरच्या खेळाच्या वसतिगृहात सोडलं, ते परत येण्याच्या बोलीवरच. ती बोली मी विसरलेले नाही, तूही विसरू नकोस. बक्षीस मिळालं तर घेऊन ये, नाही मिळालं तर नुसती ये.

अंगाला तेल लावत जा. इथली माया तुझ्या पाठीशी आहेच.
तुझी आत्या
सरुबाई

बेंगळूर
दि. १२ ऑगस्ट १९८६

ती. आत्याच्या चरणी गौतमीचा सविनय जयभीम. वि. वि.

म्हशीला माझा नमस्कार सांग. तिला एवढं सगळं ऐकून घ्यावं लागतं, याबद्दल मला तिची दया येते.

शर्यत कशी असते ते तू मागं एकदा विचारलं होतंस. तिला मिडले म्हणतात. एकाच मुलीनं चार तऱ्हांनी पोहायचं. हौदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फुलपाखरासारखं, परत येताना उताणं, पुन्हा जाताना बेडकासारखं आणि शेवटी परत येताना सरळ हात मारत, अंगात असेल नसेल ती ताकद लावून. तीन तऱ्हा मला इथं शिकवल्या. बेडूक मात्र तू विहिरीत शिकवलास तोच. आमचे गुरुलिंग सर पहिल्यांदा म्हणाले होते की तो मोडून नव्यानं बसवावा लागेल. नंतर म्हणाले, राहू दे.

सरांनी काल बोलावून सांगितलं की पहिल्या तिघींत आलीस तर आणखी तीन वर्षं तुला इथं ठेवून घेतील, पुढं मोठ्या स्पर्धा आहेत. मी म्हणाले, मी घरी शब्द दिलाय. ते खिडकीबाहेर बघत राहिले.

आत्या, खरं सांगते, रागावू नकोस. पाण्यात असते तेव्हा मला कुणाचीच आठवण येत नाही, तुझीसुद्धा नाही. बाहेर येऊन अंग पुसायला लागले की सगळी एकदम येते. इथं मराठी बोलायला कुणी नाही. मुली चांगल्या आहेत, पण त्यांच्या हसण्यातलं मला अर्धंच कळतं आणि मी उगाच पूर्ण हसते. कधी कधी पाण्याखाली तोंड घालून मी मराठीत काहीबाही बोलून घेते. त्याचे नुसते बुडबुडे होतात.

मला यायचंय की राहायचंय, हे मलाच कळेनासं झालंय. पण शब्द शब्द आहे. परवा निघते.

तुझ्या मायेची भुकेली
गौतमी

सिंगापूर
दि. २४ ऑगस्ट १९८६

ती. आत्याच्या चरणी सविनय जयभीम. वि. वि.

काल लिहायला बसले होते, पण हात उचलला नाही. मी हरले. नुसती हरले असते तर एवढं वाटलं नसतं.

सकाळच्या शर्यतीतून निवडून संध्याकाळच्या आठ जणींत आले. फुलपाखरात मागं पडले, उताण्यात थोडी सावरले. बेडूक सुरू झाला आणि एकेक जण मागं राहायला लागली. शेवटच्या टोकाला हात लावून वर बघितलं, तर मोठ्या फळ्यावर माझं नाव तिसरं होतं. सरांनी दोन्ही हात वर केले होते. मग पांढऱ्या कपड्यांतले एक गृहस्थ सरांकडे गेले, काही बोलले, आणि फळ्यावरून माझं नाव गेलं. पलीकडच्या टोकाला उभ्या असलेल्या पंचाचं म्हणणं होतं की बेडूक संपवून वळताना मी भिंतीला हातच लावला नाही. प्रत्येक वळणाला हात लावावाच लागतो, नाहीतर शर्यत बाद.

सरांनी विचारलं, कसं काय झालं. मी तोंड पुसायला लागले. तेच म्हणाले, दमलीस, डोळ्यांपुढं अंधारी आली असेल. मी हो म्हणाले.

अंधारी आली नव्हती, आत्या. भिंत मला स्वच्छ दिसत होती. हे तुलाच सांगता येईल. आपल्या विहिरीची पलीकडची भिंत श्रीपतरावांची. तिच्यात आसरांचा कोनाडा, शेंदूर लावलेले पाण्यातल्या देवींचे दगड. कुळकायद्यात आपल्याला रान आणि विहिरीचा अर्धा हिस्सा मिळाला, तेव्हा ते तुला म्हणाले होते की पोरीला पवू द्या, पण तेवढ्या भिंतीला तुमचा हात लागू देऊ नका. तू काठावर उभी राहून ओरडायचीस, हातभर अलीकडंच वळ. मी तशी वळत आले.

इथं फुलपाखरानं गेले तेव्हा त्याच टोकाला नीट हात लावला. ती तऱ्हा बेंगळूरची. बेडूक विहिरीचा. सरावात सर दर खेपेला वरून ओरडतात, हात लाव. इथं ओरडायला कुणी नव्हतं; सकाळी मनात तेच घोकत हात लावला, संध्याकाळी पुढं जायच्या नादात घोकायचं राहून गेलं. अंग आपोआप हातभर अलीकडे वळलं, आणि वळून गेल्यावरही मला त्यात काही चुकलंय असं वाटलं नाही.

माझ्या खोलीत एक बंगाली मुलगी आहे. तिनं चॉकलेट माझ्या उशीवर ठेवलं. बाकी कुणाशी बोलले नाही. सर अजून म्हणतात, थांब, पुढल्या वर्षी बघू, मी तुझ्यासाठी वरच्यांशी बोलतो. पण मला आता तसल्या भिंतीपाशी जायचंच नाही. भालकीला माझं नाव घाल. बेंगळूरला सामान आवरलं की मी येतेच.

मला पोटात घे.
तुझी
गौतमी

मेहकर
दि. ९ सप्टेंबर १९८६

चि. गौतमीस आत्याचा सप्रेम जयभीम आणि खूप आशीर्वाद. वि. वि.

बरेच दिवस चहाच्या हॉटेलात जाऊन रेडिओच्या बातम्या ऐकत होते. पोहण्याचं कुणी नाव काढलं नाही. मग तुझं पत्र आलं. दोनदा वाचलं, म्हशीला पाणी पाजलं आणि तशीच श्रीपतरावांच्या घरी गेले.

भांडायलाच गेले होते. काय काय बोलायचं ते वाटेनं जुळवत गेले होते आणि बरंच जुळलं होतं. ते एकटेच ओसरीवर तूर निवडत बसले होते. मी सगळं सांगितलं, भिंतीचं आणि पोरीचं. ते ऐकत राहिले आणि म्हणाले की असं मी कवा म्हणालो गं सरु, मला तर ध्यानातच न्हाई. मी त्यांना कोनाड्याची आठवण करून दिली. तेव्हा म्हणाले, म्हणालो बी आसन, पण पोरीनं एवढं मनावर कामून घ्यावं? आता लाव म्हणावं हात, कोण नको म्हणायलंय. मग सुनेच्या नावानं हाक मारली, ती लातूरला आहे हे आठवलं आणि स्वतःच चहा टाकायला उठले.

गौतमी, ते खोटं बोलत नव्हते. तेच मला जास्त लागलं. त्यांना आठवत असतं तर मी भांडून मोकळी झाले असते. ज्याला आठवतच नाही, त्याच्याशी काय भांडायचं? एवढी वर्षं ते बोलणं फक्त आपण दोघींनी जपलं. चहा न घेता परत आले. त्या संध्याकाळी मला जेवढं एकटं वाटलं, तेवढं तू गेलीस त्या दिवशीही वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भालकीची मोटार धरली. ट्रेनिंग शाळेच्या दारापर्यंत गेले. आत मास्तरीण होणाऱ्या पोरी ओळीनं बसल्या होत्या. तुला तिथं बसवून बघितलं. तू रोज संध्याकाळी मोटारीतून उतरशील, मी दारात उभी असेन, आपण दोघी जेवायला बसू. मला रडू आलं, एवढं ते मला हवं आहे. आणि तुझं नाव न घालताच मी परत आले.

तू आपल्या मनानं आली असतीस तर तुला डोक्यावर घेतलं असतं. भिऊन यायलीस, ते मला नको. सरांना सांग की मी बेंगळूरलाच थांबते. अंधारी आली नव्हती, हेही सांग आणि का वळलीस तेही सांग. लाजू नकोस, त्यात लाज असलीच तर ती तुझी नाही. खरं कळलं नाही तर ते तुला नुसता दम वाढवायला लावतील आणि दुखणं राहील तिथंच.

सामान आवरलं असलंस तर पुन्हा सोड. आणि एवढ्यात सुट्टीलाही येऊ नकोस. मी रागावलेय असं समजू नकोस. तू दारात दिसलीस तर हे सगळं लिहिलेलं मी गिळून टाकीन आणि तुला जाऊ देणार नाही. माझा मला भरवसा नाही.

पत्र मात्र लिहीत जा, उशीर करू नकोस.
तुझी आत्या
सरुबाई