सुनीती आधी गेल्यामुळे

मी, चंद्रकांत यशवंत घारपुरे, वय एकाहत्तर, व्यवसाय लेखन (आता बंद), राहणार मुळशी, जिल्हा पुणे, कोणाच्याही दबावाखाली न येता, पूर्ण शुद्धीवर राहून हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. शुद्धीबद्दल डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. फुप्फुसे निकामी होत आली आहेत, डोके नाही. उलटे असते तर हा हिवाळा सोपा गेला असता.

यापूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते, ते रद्द समजावे. त्यात 'माझे जे काही आहे ते सर्व माझी पत्नी सुनीती हिला' एवढेच होते. मी आधी जाणार हे सगळ्यांनीच धरून चालले होते. डॉक्टरांनी, नातेवाइकांनी, मी आणि तिनेही. तिला बँकेची कामे शिकवून झाली होती. मार्गशीर्षात न्यूमोनियाने ती गेली. आम्हाला मूल नाही. म्हणून सगळे नव्याने लिहावे लागत आहे.

१. घर. धरणाच्या बाजूच्या दोन खोल्या, पडवी आणि भोवतीची जागा. ही जागा आम्ही शेजारच्या गेणबा ढमाले यांच्याकडून घेतली. शहरातल्या धुळीने मला दम लागे, म्हणून इथे आलो. इथली हवा चांगली आहे. थंडीत ती माझ्या छातीत मावत नाही, एवढेच.

पाण्यावरचे धुके उठून पडवीत ऊन यायला दिवस बराच वर येतो. तोवर मी गोधडीत बसून राहतो. ऊन आले की सुनीती माझी खुर्ची त्यात सरकवी, माकडटोपी कानांवर ओढी आणि सुंठ घातलेला चहा हातात देई. मग मी चार ओळी लिहीत असे आणि दुपारपर्यंत त्या खोडत असे. खोडलेले कागद ती दुसऱ्या दिवशी बंबात घाली आणि म्हणे, "बघा, तुमच्या लेखनानं कुणाचं तरी पाणी तापलं." शेवटची काही वर्षे माझ्या लेखनाला एवढीच दाद मिळाली, आणि मला ती पुरत होती.

ही सुखे मला थंडीची वाटत. ती तिची होती. ऊन अजून येते. खुर्ची मला एका दमात सरकवता येत नाही, आणि मी पोचेपर्यंत ऊन पायरी उतरून गेलेले असते.

हे घर मी सुनीतीच्या बहिणीची मुलगी जुईली हिला देत आहे. ती हिंजवडीत नोकरी करते आणि जवळच्याच जांबे गावात भाड्याच्या खोलीत राहते. का देत आहे, ते लिहिणे भाग आहे.

दिवाळीनंतर सुनीतीला बारीक ताप येऊ लागला. त्याच सुमारास माझी तपासणी होती. ती माझी फाइल आणि ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन दवाखान्यात आली, खोकत होती. डॉक्टरांनी माझी छाती तपासली आणि तिला म्हणाले, "तुम्ही गरम पाणी घ्या, आणि यांच्याजवळ जरा जपून." त्या दिवसापासून ती दुसऱ्या खोलीत निजू लागली. तिची धाप मला ऐकू आली नाही. माझ्या उशाशी ऑक्सिजनचे यंत्र घरघरत होते.

ताप येतो हे तिने एकट्या जुईलीला फोनवर सांगितले होते, शपथ घालून. तेराव्याला कपबशा विसळता विसळता जुईली मला म्हणाली, "काका, मावशीनं सांगितलं होतं, त्यांना बोलू नकोस, त्यांना लगेच दम लागतो. मी म्हटलं, शनिवारी येते, मग बघू. आणि शनिवारी ऑफिसचं काम निघालं."

नंतर तिचे फोन येत राहिले, ते मी घेतले नाहीत. माझा तिच्यावर राग होता. थोडा अजून आहे. तरी घर तिचेच. सुनीतीने घातलेली शपथ मोडणे मलाही जन्मात जमले नाही, ते त्या पोरीला कसे जमावे? जुईली, तुझा दोष नाही. हे तोंडाने सांगण्याचा मी प्रयत्न करीन. जमले नाही तर हे वाक्य कायद्याने पक्के समजावे.

घर ठेवावे की विकावे, ते तिने ठरवावे. त्यात माझे स्मारक मात्र करू नये.

२. माझे थोरले बंधू, ज्यांना घरात दादासाहेब म्हणतात, त्यांना काहीही दिलेले नाही. ही नजरचूक समजू नये. मी नोकरी सोडून लिहायला बसलो तेव्हा 'चंदू बायकोच्या पगारावर जगतो' असे त्यांनी गावभर सांगितले. ते खरे होते, त्याचा राग नाही. पण सुनीतीच्या तेराव्याला, तिचे पान अजून वाढायचे होते तेव्हा, ते मला म्हणाले, "आता हे घर कशाला? पलीकडचा रिसॉर्टवाला चांगला भाव देईल. तू तरी असा किती दिवस आहेस!" त्यांनी माझ्या अंत्यविधीला यावे. जेवायला थांबू नये.

३. छापून आलेल्या पुस्तकांचे हक्क, कुणाला त्यांची गरज पडलीच तर, जुईलीकडे राहतील. अपुरी कादंबरी पुरी करायला कुणाला देऊ नये. मी तिला कंटाळलो आहे. दुसऱ्याला का तो त्रास?

४. ऑक्सिजनचे यंत्र सरकारी आरोग्य केंद्राला द्यावे. गोधडी सुनीतीच्या लुगड्यांची आहे. ती माझ्याबरोबर जाऊ द्यावी.

५. रंभाबाई. या गेणबा ढमाले यांच्या पत्नी. गेणबा आता नाहीत. सुनीती गेली त्या दिवशी लोक मला तिच्या पुण्याईबद्दल सांगत होते. रंभाबाई समोर बसल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, जायचं तुमी, आन् गेल्या बाई. लई वंगाळ झालं." एवढे खरे दुसरे कुणी बोलले नाही.

तेव्हापासून त्या रोज तांदळाची भाकरी आणि हुलग्याचे माडगे आणतात. मधे मी गोळ्या घेणे सोडून दिले होते. त्यांनी पाकीट पाहून ओळखले.

"का वं खात न्हाई गोळ्या?"

"कशासाठी खायच्या, रंभाबाई?"

"त्ये मला ठावं न्हाई. पर बाईंनी येवढी वरसं तुमाला राखलं, त्ये असं म्हैन्याभरात उधळायला व्हय?"

त्यांनी पाणी पुढे केले. मी गोळी घेतली. तेव्हापासून घेतो. बरे वाटत नाही, पण घेतो.

हे घर मी प्रथम त्यांनाच द्यायचे ठरवले होते. जागा मुळात त्यांचीच होती. वकिलांनी सांगितले, मृत्युपत्रात ज्याला काही मिळते त्याने साक्षीदाराची सही केली तर त्याला दिलेले रद्द होते. साक्षीला बोलावलेल्या रंभाबाईंना मी म्हटले, "तुम्ही सही करू नका, साक्षीदार मी दुसरा बघतो. घर तुम्हाला देतो."

त्यांचा मुलगा किशोर धरणाकाठी शनिवार-रविवारच्या पाहुण्यांसाठी तंबू लावतो. तो तिथेच उभा होता. त्याचे डोळे घरावरून फिरून आले. मला त्यात वावगे वाटले नाही.

रंभाबाई म्हणाल्या, "नगं. मी सही करती. किशोर बी करंल."

"अहो, मग तुम्हाला काहीच मिळणार नाही."

"म्हून तर करती. उद्या भाकर घिऊन आले तर कुनी म्हनाया नगं, म्हातारी घरासाठी येती."

मग किशोरने पेन मागितले.

सबब या कलमान्वये रंभाबाईंना काहीही देत नाही.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी जुईलीने करावी. वरील मजकूर मी वाचून पाहिला, तो माझाच आहे. या वेळी काही खोडलेले नाही.

(सही) चंद्रकांत यशवंत घारपुरे

घारपुरे यांनी आमच्या देखत सही केली व त्यांच्या देखत आम्ही केली. आम्हा दोघांना यातून काही मिळणार नाही, हे आम्हाला समजावून सांगितले आहे.

साक्षीदार:
(सही) रंभाबाई गेणबा ढमाले
(सही) किशोर गेणबा ढमाले

ठिकाण: मुळशी, पडवीत
दिनांक: १७ जानेवारी २०२६