शून्य आणि रिकामा रकाना

आबा,

तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली. मी काय काम करते हे तुम्ही एकदाच विचारलं होतं, आणि मी "कम्प्युटरचं" एवढंच सांगून चहा ठेवायला उठले होते. आज दुपारी धाराशिवच्या घरात, वरच्या खोलीत, एक मेल अर्धवट लिहून बसले आहे. ती पुरी करण्याआधी माझं काम तुम्हाला सांगावंसं वाटतंय. बाकी कुणापेक्षा तुम्हाला ते लवकर कळलं असतं.

कम्प्युटरमध्ये सगळी कामं करणारी एक लहानशी चिप असते, तिच्यात काही मोजणारे बसवलेले असतात. चार, सहा, फार तर आठ. आत क्षणाक्षणाला इतकं घडत असतं की ते सगळ्याला पुरत नाहीत, म्हणून आधी सांगावं लागतं की तू अमुक मोज. पण त्यांना नाव कळत नाही, आकडा लागतो, आणि एकाच गोष्टीचा आकडा चिपगणिक बदलतो. मी सी नावाच्या कम्प्युटरच्या भाषेत जी लायब्ररी, म्हणजे इतरांनी आपल्या प्रोग्राममध्ये वापरायचा तयार भाग, लिहिते ती एवढंच करते. माणसानं दिलेलं घटनेचं नाव घेते आणि त्या चिपला समजेल असा आकडा बांधून देते. काही घटनांना पोटप्रकार असतात, तेही त्याच आकड्यात बसवावे लागतात. तुमच्या तक्त्यात नुसतं ट्रॅक्टर म्हणून भागत नसे, ट्रॉलीसकट की मोकळा हे सांगावं लागायचं, तसंच.

तुम्ही रस्त्यावर मैलकुली होता. खड्डे बुजवायचे, कडेचं गवत काढायचं. पण वर्षातून दोनदा सात दिवस वाहतुकीची मोजणी लागायची, आणि सातवी शिकलेले म्हणून परंड्याहून कुर्डुवाडीकडं जाणाऱ्या रस्त्याला चिंचेखाली तुम्हाला बसवायचे. गुडघ्यावर पाट, पाटावर तक्ता, कानावर पेन्सिल. सायकल, बैलगाडी, ट्रक, यष्टी, प्रत्येकाचा रकाना, प्रत्येक तासाची ओळ. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. मला सुट्टी असली की मी शेजारी. मी दहा वर्षांची आहे आणि मला वाटतं आहे की जगातलं सगळं या कागदातून जातं.

त्या दिवशी पुलाजवळ खडी उतरवायला तुम्हाला बोलावलं. तुम्ही पेन्सिल माझ्या हातात दिली आणि तासाभरात येतो म्हणालात. तुम्ही वळणाआड गेलात आणि मेंढरांचा कळप आला. मेंढरांना तक्त्यात रकाना नव्हता, म्हणून मी नुसती बघत राहिले. एक कोकरू मागं राहिलं. धनगरीण म्हणाली, धर गं जरा, आणि ती पुढची मेंढरं वळवायला गेली. मी ते मांडीवर घेऊन बसले. ती परतली तेव्हा तास संपत आला होता आणि ओळ कोरी होती. मी घाईघाईनं सगळ्या रकान्यांत शून्यं भरली.

तुम्ही आलात, तक्ता बघितला, चष्मा पुसला, परत बघितला.

"यष्टीबी गेली न्हाय व्हय?"

मी नाही म्हणून मान हलवली. तुम्ही हसलात. "मंग आज समदं परंडं पायी चाललंय म्हनायचं." मग खोडरबर काढून एकेक शून्य पुसलं, आणि रागावलात ते कसं, तर हळू आवाजात. "काय गेलं न्हाय ही येगळी गोष्ट, आन् आपुन बघितलं न्हाय ही येगळी. बघितलं नसंल तर रिकामं सोडावं. रिकामं दिसलं की मानूस इचारतं. शून्य दिसल्यावर कोन इचारनार?"

संध्याकाळी तक्ता न्यायला आलेल्या साहेबांनी रिकाम्या ओळीबद्दल विचारलंच. तुम्ही म्हणालात, म्या जेवाया गेलतो. त्यांनी चारचौघांत तुम्हाला बोल लावला, आणि मी चिंचेमागं उभी राहून ऐकत होते.

आता मेलबद्दल. दुसऱ्या टीममध्ये माझ्याच वयाची एक बाई आहे. त्यांचा प्रोग्राम रेंगाळत होता. लांबच्या मेमरीकडं फार खेपा होतात का, हे तिनं माझ्या लायब्ररीनं मोजलं. उत्तर आलं शून्य. तिनं मीटिंगमध्ये सांगितलं की मेमरीचा दोष नाही, आणि त्यांच्या माणसांनी तीन आठवडे भलताच भाग नव्यानं लिहिला. नंतर दुसऱ्या रीतीनं मोजलं तर दोष तिथंच होता. आता तिला मोजता येत नाही असं सगळे म्हणतात. तिनं मला साधंच विचारलं, मी नाव चुकीचं दिलं का?

नाव बरोबर होतं. पोटप्रकार दिला नाही तर माझ्या लायब्ररीनं आकडा बांधायला नकार द्यायला हवा होता. त्याऐवजी लायब्ररीनं पोटप्रकाराच्या जागी स्वतःच शून्य घालून आकडा दिला. चिपनं तो निमूट घेतला, काहीच मोजलं नाही, आणि काहीच नाही असं कळवलं. लायब्ररीतली ती ओळ माझ्या हातची. मी दहा मिनिटांत ती सुधारली आणि वर लिहिलं, किरकोळ दुरुस्ती. तो सोमवार होता. आज गुरुवार, आणि ती बाई अजून बोलणी खाते आहे.

म्हणून सगळ्यांना मेल लिहायला घेतली. चूक तिची नाही, माझी आहे, नजरचुकीनं राहिली. इथं येऊन हात थांबला. कारण ती ओळ लिहिताना मला खटकली होती, आबा. इथं नकार हवा, हे मला दिसलं होतं. पुढं बघू, असं मी मनाशी म्हणाले होते.

‘नजरचुकीनं’ हा शब्द मी आत्ता खोडला. दिसलं होतं आणि सोडून दिलं, असं लिहिलं आणि मेल पाठवली. ही चिठ्ठी कुठं पाठवणार, ती वहीतच राहील.

पण तुम्ही जन्मभर धरून चालला होता की पोरीनं बघितलं नाही, आणि मी ते तसंच राहू दिलं. मी रस्त्याकडं तोंड करूनच बसले होते. यष्टी गेली होती, आबा. कोकरू बघून ड्रायव्हरनं हॉर्नसुद्धा वाजवला होता, आणि मी त्याला हात केला होता.