तुझं यंत्र आईवर ओरडतं

प्रिय अण्णा,

तू गेल्यावर तुला कधी लिहीन असं वाटलं नव्हतं. गेलेल्या माणसाला काय लिहायचं? पण मंगळवारी तुझं यंत्र आपल्या आईवर ओरडलं, आणि हे दुसऱ्या कुणाला सांगून उपयोग नाही.

वाडीखालच्या नव्या रिसॉर्टनं ते कुंपणाच्या कडेला पुरलंय. देवराईची वाट तिथूनच जाते. आई दर मंगळवारसारखी नारळ घेऊन निघाली, वाटेवर पाऊल पडलं आणि भोंगा सुरू झाला. वॉचमन धावत आला. रामनगरचा आहे, माणूस वाईट नाही.

"आज्जी, चपला घालून जावा की. मग वाजत न्हाई."

"देवाकडं चपला घालून? खुळा काय तू?" म्हणत आई पुढं गेली. मी मागं उभी राहिले, मान खाली घालून.

विद्यापीठात तुझ्या विभागातले बाकीचे तिजोऱ्या आणि सीमेवरची कुंपणं राखायचं संशोधन करत होते. तू मात्र जमिनीच्या हादऱ्यावरून गवा की माणूस हे ओळखणारं यंत्र घेऊन गावी आलास. गवा भातात शिरला की भोंगा वाजणार, माणूस गेला तर गप्प. किती जीव लावलास त्याला! जेवायला हाका मारून मी थकायची.

आणि त्याला शिकवलंस कुठं? आपल्या खळ्यात. शेणानं सारवलेल्या खळ्यात चपला घालून कोण जाईल? आई चालली, मी चालले, सारी वाडी चालली, तुझे सरसुद्धा बूट काढून चालले. यंत्र शिकलं की माणूस म्हणजे अनवाणी, पायात काही घातलेला त्याच्या लेखी माणूसच नव्हे. तुझ्या लक्षात आलं तेव्हा तू हसत सुटलास. "बुटाचं मागनं शिकवूया की," म्हणालास. त्या तापानं मागनं काही करायला तुला ठेवलंच नाही.

दुखवट्याला सर आले, आईच्या पाया पडले. तुझं काम कपाटात पडू देणार नाही म्हणाले. शब्दाला जागले हो! विद्यापीठाकडून हक्क घेतले आणि कंपनी काढली. पण भात राखणारा कसलं गिऱ्हाईक? गिऱ्हाईक रिसॉर्टवाला. मग भोंगा उलटा फिरवला, गव्याला गप्प आणि माणसाला बोंब. बुटाची चूक कळूनही तशीच ठेवली, कारण ती सोयीची होती. त्यांच्या जाहिरातीत लिहिलंय, 'पाहुण्यांना त्रास न देता घुसखोर ओळखतं.' पाहुणे बुटात असतात. मग घुसखोर कोण, ते तूच सांग.

विद्यापीठाला हक्क लिहून देताना कागदावर एक अट तरी घालायचीस. भोळेपणालाही काही हद्द असते की नाही? मला तुझा राग येतो, अण्णा. भांडायला तू समोर नाहीस, याचा त्याहून जास्त येतो.

आता मॅनेजर म्हणतो, घुसखोरीची नोंद यंत्रातच आहे, त्यामुळे वाट बंद करणार. म्हणजे आईविरुद्ध साक्ष तुझीच. आणि गवे? ते खालचं भात तुडवून निवांत गेले, कुठं काही वाजलं नाही.

वाट आम्ही सोडणार नाही. येत्या मंगळवारी सारी वाडी अनवाणी निघणार आहे, आणि मी पुढे असेन. बोंबलू दे त्याला दिवसभर.

आणखी एक वचन देते. तो भोंगा आईला घुसखोर ठरवून वाजतो, हे तिला मी जन्मात कळू देणार नाही. यंत्र तुझं आहे, एवढंच तिला ठाऊक आहे. वाडीतही सगळ्यांना बजावून ठेवलंय. काल चुलीपुढं बसून ती मला म्हणाली, "त्यो मंगळवारची माझी वाट बघतोय गं. मी आली की हाक मारतोय."

तुझी,
सुमन